डिफेंडरचा पाय लागला म्हणून ऑफसाइड रद्द होत नाही

आमच्याकडे गोव्यात डिचोली तालुक्यात भात कापून झालं की मळ्यात गोलपोस्ट उभे राहतात आणि वाड्यावाड्यांची फुटबॉल टूर्नामेंट सुरू होते, त्यातल्या एका सेमीफायनलची गोष्ट. माझा चुलतभाऊ लाइन्समन होता, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. शेवटची दहा मिनिटं, स्कोर १-१. मधून पास सुटला, डिफेंडरने घसरत पाय घातला, बॉल त्याच्या बुटाच्या टोकाला चाटून मागे गेला आणि मागे एकटाच उभा असलेल्या स्ट्रायकरने आरामात जाळ्यात टाकला. दादाचा फ्लॅग वर. ऑफसाइड, म्हंजे पास सुटला तेव्हा स्ट्रायकर डिफेंडरांच्या पुढे उभा होता. गोल नाही.

मग जे व्हायचं ते झालं. "दोळे खंय दवरल्यात रे?" (डोळे कुठे ठेवलेत रे?) पासून सुरुवात झाली, दहाबारा पोरं लाइनपर्यंत आली, आणि त्यातला एक सारखा एकच ओरडत होता, "डिफेंडराक लागलां! टीव्हीर सांगलां न्हय!" (डिफेंडरला लागलाय, टीव्हीवर सांगितलंय ना!) मॅच संपल्यावर आयोजकांनी दादाला मधे घेऊन बाइकपर्यंत सोडलं. पेट्रोल आणि जेवण सुटेल एवढ्या पैशासाठी रविवार घालवणारा माणूस, त्या रात्री घरी येऊन धड जेवलासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावरच्या हॉटेलात भाजी-पाव खाताना त्याच पोराने मला मोबाइलवर क्लिप दाखवली. एका चॅनेलच्या स्टुडिओत सूटबूट घातलेले एक माजी खेळाडू अगदी ठाम आवाजात सांगतायत की डिफेंडरचा टच झाला की नवीन फेज सुरू होते, ऑफसाइड तिथेच संपला. बाजूचा अँकर मान हलवतोय. पोराचं म्हणणं असं की बघा, एवढा मोठा माणूस सांगतोय, तुमच्या दादाला काय जास्त कळतं?

तर दादाला जास्त कळतं. आणि त्या सेमीफायनलमध्ये दादा बरोबर होता.

माझा राग त्या पोरावर नाहीच, त्याने टीव्हीवर विश्वास ठेवला एवढंच. राग येतो तो स्टुडिओतल्या माणसाचा. कुठला खेळाडू भारी, कोच कुणाला बसवायला हवा, ही मतं आहेत, चुकली तरी कुणाचं नुकसान नाही. नियमाचं तसं नाही. फुटबॉलचे नियम म्हंजे फक्त १७ कलमं, इंटरनॅशनल फुटबॉल असोसिएशन बोर्ड म्हणजे आयफॅब ती दरवर्षी छापतं, मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात, आणि एका पावसाळी दुपारी वाचून होतील एवढीच आहेत. ज्याला बोलायचेच पैसे मिळतात त्याने ती वाचायला नकोत का? त्याच्या एका वाक्याने देशभरातल्या मैदानांवर लाइनवर उभ्या असलेल्या माणसांना शिव्या खाव्या लागतात, ते त्याला दिसत नाही, आम्हाला दिसतं.

म्हणून आता मी जेवढं दादाकडून शिकलो आणि स्वतः वाचलं ते साध्या भाषेत लिहितो. ऑफसाइडवर जास्त लिहीन कारण सगळ्यात जास्त चुकीचं त्यावरच बोललं जातं.

ऑफसाइड हा कलम ११. त्याचे दोन भाग आहेत आणि टीव्हीवर ते नेहमी एकत्र कालवले जातात. पहिला भाग, खेळाडू ऑफसाइड जागेत आहे का. दुसरा भाग, त्या जागेत असताना त्याने काही केलं का. नुसतं ऑफसाइड जागेत उभं राहणं हा गुन्हाच नाही, हे नियमात पहिल्या ओळीतच लिहिलेलं आहे.

जागा कशी ठरते? आपल्या टीमचा खेळाडू बॉल मारतो किंवा बॉल त्याला लागतो, त्या क्षणी मी समोरच्या टीमच्या अर्ध्या मैदानात आहे, बॉलच्या पुढे आहे, आणि समोरच्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे आहे, तर मी ऑफसाइड जागेत. डोकं, धड, पाय यातला कुठलाही भाग पुढे असला तरी पुरे, हात मात्र मोजत नाहीत, आणि हात म्हंजे काखेच्या खालच्या रेषेपासून पुढचा. म्हणून खांदा पुढे असेल तर ऑफसाइड, कोपर पुढे असेल तर नाही. बरोबरीत असलो तर ऑफसाइड नाही, हे १९९० पासून आहे, त्याआधी बरोबरीतलाही ऑफसाइड धरायचे, आणि कधीकधी मला वाटतं काही जणांचा नियमांचा अभ्यास तिथेच थांबलाय.

आता "शेवटून दुसरा" हे शब्द नीट बघा. टीव्हीवर सगळे "लास्ट डिफेंडर" म्हणतात. बहुतेक वेळा गोलकीपर सगळ्यात मागे असतो म्हणून शेवटून दुसरा म्हंजे शेवटचा डिफेंडरच निघतो आणि काम चालून जातं. पण गोलकीपर पुढे आला की सगळा हिशेब बदलतो. २० नोव्हेंबर २०२२, कतार वर्ल्ड कपची पहिलीच मॅच, कतार विरुद्ध एक्वादोर, आपल्याकडे रात्री साडेनऊला सुरू झालेली. तिसऱ्याच मिनिटाला एक्वादोरच्या एनेर वालेन्सियाने हेडरने गोल केला आणि थोड्या वेळाने तो रद्द झाला. आम्ही वीसपंचवीस जण एकत्र बघत होतो, कुणालाच काही समजेना, कारण मागे कतारचा एक डिफेंडर चांगला दिसत होता. झालं होतं असं की कतारचा गोलकीपर बॉल घ्यायला बाहेर आला आणि हुकला. म्हंजे मागे उरला एकच डिफेंडर, तो "शेवटचा". "शेवटून दुसरा" मग कोण, तर पुढे निघून आलेल्यांपैकी जो सगळ्यात मागे तो, आणि एक्वादोरच्या एस्त्राडाचा पाय त्याच्या पुढे होता. पुढे गोल वालेन्सियाने मारला तरी त्याच चालीत एस्त्राडाने बॉल खेळला होता, म्हणून रद्द. निर्णय एकदम बरोबर होता. एका वाक्यात समजावता आलं असतं, आणि आम्ही ते वाक्य दुसऱ्या दिवशी दादाकडून ऐकलं.

दोनच खेळाडू का, तीन किंवा एक का नाही, असं कुणी विचारेल. आधी तीन होते. १९२५ मध्ये तीनचे दोन केले, कारण डिफेंडर लोक पुढे सरकून सारखे ऑफसाइडचे सापळे लावायचे आणि गोल आटले होते. बदल झाल्यावर इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये एका सीझनचे गोल १,१९२ वरून १,७०३ वर गेले. एक आकडा बदलला आणि खेळ बदलला. म्हणून नियमातला शब्द न् शब्द महत्त्वाचा असतो असं मी म्हणतो.

आता मळ्यातला गोल. डिफेंडरचा टच. नियम असं सांगतो की ऑफसाइड जागेतल्या खेळाडूकडे बॉल समोरच्या टीमच्या खेळाडूने मुद्दाम खेळल्यावर आला असेल तर त्याने फायदा घेतला असं धरत नाहीत, गोल चालतो. बॉल नुसता लागून वळला असेल तर ऑफसाइड कायम. आणि डिफेंडर किंवा गोलकीपर गोल वाचवताना बॉल लागला असेल, तर तो कितीही मुद्दाम असो, ऑफसाइड कायमच. म्हणून गोलकीपरने अडवलेला किंवा पोस्टला लागून परत आलेला बॉल ऑफसाइड जागेतल्या माणसाने मारला तर तो गोल नाही.

सगळा घोळ "मुद्दाम खेळला" या शब्दांत आहे. टीव्हीवाल्यांचा अर्थ असा की डिफेंडर बॉलकडे गेला, त्याला बॉल खेळायचा होता, म्हंजे मुद्दाम. हा अर्थ काही काळ रेफ्रीसुद्धा धरायचे, हे मान्य करायला हवं. १० ऑक्टोबर २०२१, युरोपातल्या नेशन्स लीगची फायनल, स्पेन विरुद्ध फ्रान्स. फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझचा पास, त्यांचाच एम्बापे ऑफसाइड जागेत, मधे स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरून पाय लांब केला आणि बॉलला निसटता स्पर्श झाला. एम्बापेने गोल मारला, गोल दिला, फ्रान्स २-१ ने जिंकला. त्यावर जगभर आरडाओरड झाली, कारण याचा अर्थ डिफेंडरने प्रयत्न केला म्हणून त्याला शिक्षा, काही न करता उभा राहिला असता तर ऑफसाइड मिळाला असता.

मग जुलै २०२२ मध्ये आयफॅबने स्पष्ट करून सांगितलं की मुद्दाम खेळला म्हंजे डिफेंडरचा बॉलवर ताबा होता किंवा असू शकत होता, त्याला पास द्यायला, बॉल घ्यायला, लांब मारायला जमण्यासारखं होतं. हे कशावरून ठरवायचं तेही दिलं. बॉल लांबून आला का, त्याला तो नीट दिसत होता का. बॉल फार जोरात होता का. अचानक वळून आला का. अंग सावरायला वेळ होता का, की झेप घेऊन, पाय ताणून कसाबसा स्पर्श झाला. आणि हवेतल्यापेक्षा जमिनीवरचा बॉल खेळणं सोपं, हे पण लक्षात घ्यायचं. एवढं सगळं जुळलं आणि डिफेंडरने तरी चूक केली, किक मिसहिट झाली, पास चुकीच्या माणसाला गेला, तर मात्र तो मुद्दाम खेळला असंच धरायचं, कारण चुकणं वेगळं आणि हाती काहीच नसणं वेगळं.

आता मळ्यातला डिफेंडर आठवा. बॉल जोरात, तो घसरत, पाय ताणलेला, बुटाचं टोक. मुद्दाम खेळला म्हणायला काहीच नाही. ऑफसाइड. दादाने हे सगळं एका सेकंदात ठरवलं. त्या क्लिपमधल्या माणसाने मात्र चार रिप्ले बघून चुकीचं सांगितलं, आणि २०२२ नंतर सांगितलं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

दुसरा भाग, "काही केलं का". बॉलला हात न लावता, सॉरी पाय न लावता पण ऑफसाइड होऊ शकतो. गोलकीपरच्या डोळ्यासमोर उभा राहून त्याला बॉल दिसू दिला नाही, बॉलसाठी समोरच्याशी झुंजला, जवळ आलेला बॉल खेळायचा स्पष्ट प्रयत्न केला आणि त्याचा समोरच्यावर परिणाम झाला, किंवा अशी काही उघड हालचाल केली की समोरच्याला बॉल खेळणं अवघड झालं. १४ जानेवारी २०२३ ची मँचेस्टर डर्बी, म्हंजे युनायटेड विरुद्ध सिटी, बऱ्याच जणांना आठवत असेल. युनायटेडच्या कासेमिरोचा पास, त्यांचाच रॅशफर्ड ऑफसाइड जागेतून बॉलच्या मागे मागे धावतोय, बॉलला स्पर्श करत नाही, आणि शेवटी ब्रुनो फर्नांडिस येऊन मारतो. लाइन्समनचा फ्लॅग वर होता, रेफ्रीने बोलून गोल दिला. माझ्या मते तो ऑफसाइड द्यायला हवा होता, बॉल पायाशी घेऊन धावल्यासारखा माणूस धावत असेल तर डिफेंडर आणि गोलकीपर त्याच्यावरच नजर ठेवणार, म्हंजे परिणाम झालाच. पण हा वाद "उघड हालचाल" आणि "परिणाम" या शब्दांवरचा आहे. तो वाद टीव्हीवर झाला असता तर मी आनंदाने ऐकला असता. मी जे ऐकलं ते एवढंच, एक म्हणे ऑफसाइड जागेत होता म्हंजे ऑफसाइड, दुसरा म्हणे स्पर्श नाही म्हंजे नाही. दोघंही चूक.

आणि हो, गोल किक, कॉर्नर आणि थ्रो-इन यावरून थेट बॉल आला तर ऑफसाइड नसतो.

यानंतर येतं ते फोटो थांबवून रेष मारणं. स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर फ्रेम थांबवतात, बोटाने रेष ओढतात आणि सांगतात की बघा, गुडघा पुढे आहे. यात दोन अडचणी आहेत. एक म्हंजे फ्रेम. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेम घेत असेल तर दोन फ्रेममध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. ताशी २८ किलोमीटरने धावणारा स्ट्रायकर तेवढ्यात १५-१६ सेंटिमीटर पुढे जातो, आणि डिफेंडर उलट दिशेने बाहेर येत असेल तर दोघांमधला फरक अजून वाढतो. म्हंजे एक फ्रेम इकडची तिकडची निवडली की ऑफसाइडचा ऑनसाइड होतो. म्हणूनच कतार वर्ल्ड कपला छताखाली १२ कॅमेरे लावून प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि बॉलमध्ये सेन्सर बसवला होता जो सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवायचा, कारण पास नेमका कधी सुटला हे डोळ्याने पकडता येत नाही. स्टुडिओतल्या बोटाच्या रेषेत यातलं काहीच नसतं.

दुसरी अडचण कोनाची. कदंबा बसमध्ये ड्रायव्हरच्या डाव्या बाजूच्या सीटवर बसून स्पीडचा काटा बघा, ड्रायव्हरला दिसतो त्यापेक्षा वेगळा आकडा दिसेल, काटा तोच, जागा वेगळी. टीव्हीचा मुख्य कॅमेरा बहुतेक वेळा मैदानाच्या मध्यभागी उंचावर असतो आणि ऑफसाइडची रेष तिथून वीसतीस मीटर बाजूला, त्यामुळे कलती दिसते. लाइन्समन मात्र शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या अगदी समांतर पळत असतो, कारण खरं फक्त तिथूनच दिसतं.

कोनाने काय होतं याचं सगळ्यात चांगलं उदाहरण ऑफसाइडचं नाहीच, १ डिसेंबर २०२२ च्या जपान-स्पेनचं आहे, आपल्याकडे रात्री साडेबारा वाजून गेलेले. जपानच्या मितोमाने गोललाइनवरून बॉल आत ओढला आणि तानाकाने गोल मारला, जपान २-१. बाजूच्या कॅमेऱ्यात बॉल आणि रेष यांच्यात हिरवं गवत दिसत होतं, स्पष्ट. सगळे म्हणाले बाहेर. पण बॉल बाहेर जायला तो पूर्ण रेषेपलीकडे जावा लागतो, आणि बॉल गोल असतो, साधारण २२ सेंटिमीटर रुंद. जमिनीला टेकतो त्याचा मधला बिंदू, तो रेषेबाहेर असला तरी पोट रेषेच्या वर लटकत असतं. वरून बघितलं की दिसतं. वरच्या कॅमेऱ्याचा फोटो आला तेव्हा अगदी थोडासा, पण बॉल रेषेवर होता. घरी करून बघा, फरशीच्या रेषेजवळ बॉल ठेवा, आधी बाजूने बघा मग उभं राहून वरून बघा. पोरांना हे एकदा दाखवलं की परत सांगावं लागत नाही.

आपल्या आयएसएलचे, म्हंजे इंडियन सुपर लीगचे, पहिले दहा सीझन तर व्हीएआरशिवायच (रिप्ले बघून मदत करणाऱ्या व्हिडिओ रेफ्रीशिवाय) झाले, म्हंजे फातोर्ड्याच्या स्टेडियमवर रेफ्री आणि लाइन्समनकडे ना १२ कॅमेरे ना रिप्ले, फक्त डोळे. आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्याकडे सहा अँगल. मग निदान टीका करणाऱ्याने नियम तरी बरोबर सांगावा एवढीच माझी मागणी आहे.

आयएसएलचं निघालंच आहे तर ३ मार्च २०२३. बेंगळुरू विरुद्ध केरला ब्लास्टर्स, नॉकआउट मॅच, ९० मिनिटांत ०-०, एक्स्ट्रा टाइम सुरू. बेंगळुरूला फ्री किक मिळाली, केरलाचा गोलकीपर भिंत लावत होता आणि सुनील छेत्रीने सरळ मोकळ्या गोलात बॉल टाकला. गोल दिला. केरलाची टीम कोचच्या सांगण्यावरून मैदान सोडून गेली, पुढे क्लबला ४ कोटींचा दंड झाला. त्या रात्री आणि नंतर कित्येक दिवस मी जिथे तिथे ऐकलं की शिट्टी वाजली नव्हती म्हणून गोल चुकीचा.

फ्री किकला शिट्टी लागतेच असं नाही. फाउल ज्याच्यावर झाला त्या टीमला ताबडतोब खेळायचा हक्क आहे, कारण फाउल करणाऱ्याला सावरायला वेळ मिळू नये हाच त्यामागचा विचार. समोरचे खेळाडू ९.१५ मीटर लांब हवेत, पण मारणाऱ्याला त्याची पर्वा नसेल तर तो मारू शकतो. शिट्टी कधी लागते, तर रेफ्रीने "शिट्टीची वाट बघ" असं सांगितलं असेल तेव्हा. अंतर मोजायला मारणाऱ्या टीमने सांगितलं, किंवा कार्ड दाखवायचं आहे, असं काही असलं की तो थांबवतो. म्हणून त्या रात्री विचारायचा प्रश्न एकच होता, रेफ्रीने थांबायला सांगितलं होतं का? त्यावर बोलायला भरपूर होतं, खेळाडूंची देहबोली, रेफ्री कुठे उभा होता, त्याने कुणाशी काय बोलणं केलं. केरलाच्या चाहत्यांचा राग मला समजतो, आपल्या टीमबरोबर असं झालं असतं तर मीही तेवढाच पेटलो असतो, पण त्यांना चुकीचं कारण देऊन अजून पेटवणं बरोबर नाही. दोन आठवड्यांनी तीच बेंगळुरू आपल्या फातोर्ड्यात फायनल खेळली, मी स्टँडमध्ये होतो, आणि माझ्या मागे दोघं तेव्हाही शिट्टीवरूनच भांडत होते.

"लास्ट मॅन आहे, रेड कार्ड द्या" हे अजून एक. नियमात लास्ट मॅन हा शब्दच नाही. बघायचं असतं की फाउल करून गोलची स्पष्ट संधी हिरावली का, आणि त्यासाठी चार गोष्टी, गोलपासून अंतर किती, खेळ गोलच्या दिशेने चालला होता का, स्ट्रायकरला बॉल मिळाला असता का, आणि डिफेंडर किती आणि कुठे होते. एकटा डिफेंडर आहे पण स्ट्रायकर कॉर्नर फ्लॅगकडे पळतोय तर रेड नाही. उलट मागे दोन डिफेंडर आहेत पण पोचू शकत नाहीत, तर रेड होऊ शकतं. आणि पेनल्टी बॉक्समध्ये बॉल खेळायच्या प्रयत्नात फाउल झाला असेल तर पेनल्टी आणि येलो, कारण संधी पेनल्टीच्या रूपाने परत मिळाली, हा बदल २०१६ चा. ढकललं, ओढलं तर मात्र रेडच.

तसंच "आधी बॉल लागला, मग फाउल कसा". लागू दे ना बॉल. टॅकल निष्काळजी असेल तर फाउल, बेफिकीर असेल तर येलो, अंगावर येऊन समोरच्याला धोका होईल इतका जोर असेल तर रेड, बॉल आधी लागला की नंतर यावर ते ठरत नाही. इथे स्लो मोशनचा पण घोळ आहे. स्लोमध्ये दाखवलं की प्रत्येक टॅकल मुद्दाम केल्यासारखा वाटतो. व्हीएआरच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की बूट कुठे लागला हे बघायला स्लो मोशन चालेल, पण जोर किती होता आणि हँडबॉल द्यायचा का हे नॉर्मल स्पीडमध्येच बघा. स्टुडिओत मात्र सगळं स्लोमध्येच दाखवतात आणि त्यावरून माणसाची नियत ठरवतात.

हँडबॉलवर मी जास्त लिहीत नाही कारण तो नियमच इतक्या वेळा बदललाय की तिथे गोंधळ झाला तर मी समजून घेऊ शकतो. एवढं लक्षात ठेवा, बॉल हाताला लागला म्हंजे हँड नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला, किंवा हात अशा जागी ठेवला की अंग विनाकारण मोठं झालं, किंवा स्वतःच्या हाताला लागून लगेच स्वतःच गोल केला, तर हँड. टीममधल्या दुसऱ्याच्या हाताला चुकून लागला आणि मग आपण गोल केला, तर २०२१ पासून तो चालतो.

मग प्रश्न असा की हे लोक वाचत का नाहीत? मला वाटतं पहिलं कारण हे की चांगला खेळलेल्या माणसाला नियम माहीत असणारच असं आपण सगळे धरून चालतो, चॅनेलवालेही आणि तो स्वतःही. पण खेळाडू नियम पुस्तकातून शिकत नाही, शिट्ट्या ऐकून शिकतो, आणि त्याने खेळणं सोडलं की शिकणं थांबतं. नियम मात्र थांबत नाहीत. आयफॅब १८८६ पासून आहे, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास बैठक होते, इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, उत्तर आयर्लंड यांचं एकेक मत आणि फिफाची चार, आठातली सहा मतं मिळाली की बदल पास, आणि साधारण १ जुलैपासून लागू. म्हंजे २००५ मध्ये रिटायर झालेल्या खेळाडूने तेव्हापासून काही वाचलं नसेल तर तो वीस वर्षं जुना खेळ समजावून सांगतोय.

त्याचा अर्थ माजी खेळाडू नकोत असा नाही. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारख्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या गोलकीपरने क्रॉस येताना पहिलं पाऊल कुठे टाकायचं यावर बोलायला घेतलं तर मी तासभर हलणार नाही, ते त्यांनाच माहीत, पुस्तकात नाही. पण नियमासाठी नियमवाला माणूस बसवा. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलच्या मॅचेसना फॉक्स चॅनेलने २०१० मध्येच माईक परेरा या रेफ्रींच्या माजी अधिकाऱ्याला फक्त नियम समजावण्यासाठी आणलं. इंग्लंडमध्ये बीटी स्पोर्टवर पीटर वॉल्टन हे माजी रेफ्री हेच काम करायचे. त्यांचं सगळंच बरोबर असतं असं नाही, पण निदान चर्चा नियमावर होते. गोव्यात तर काय कमी आहे, गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ पासूनची, मळ्यातल्या मॅचपासून नॅशनल लीगपर्यंत शिट्टी मारून आता घरी बसलेले कितीतरी रेफ्री आहेत. त्यातल्या एकाला खुर्ची द्या, हाफटाइममध्ये दोन मिनिटं द्या.

त्या पोराचं पुढे काय झालं ते सांगतो. मी त्याला वादात हरवायला गेलो नाही, फायनलला दादा परत लाइनवर होता तेव्हा त्याला म्हटलं ये, इथे लाइनजवळ उभा राहा, दादाच्या मागे, पळ त्याच्याबरोबर आणि मनातल्या मनात तू पण फ्लॅग वर कर. वीस मिनिटांत त्याला दम लागला. पास मारणारा एका बाजूला आणि शेवटून दुसरा डिफेंडर दुसऱ्या बाजूला, दोन्हीकडे एकदम बघताच येत नाही. हाफटाइमला त्याने दादाला विचारलं की तू बघतोस कसं? दादा म्हणाला, "अरे मी किक बघत नाही, किकचा आवाज ऐकतो. डोळे डिफेंडरच्या रेषेवर, आवाज आला की तिथेच मनात फोटो काढायचा. मग कोण बॉलला लागतो ते बघायचं आणि मगच फ्लॅग."

सेकंड हाफला पोरगा परत त्याच्या मागे पळायला लागला. एकदा थ्रो-इनवरून बॉल थेट आत गेला, एकटा स्ट्रायकर सगळ्यांच्या पुढे, पब्लिक "ऑफसाइड!" म्हणून ओरडली, दादाचा फ्लॅग खालीच, आणि पोरगा मागे वळून आपल्याच वाड्यातल्या लोकांना ओरडून सांगत होता की थ्रोवर ऑफसाइड नसतो, बसा खाली.